गोळीला माणसावरच्या चाचणीतून सूट द्या, पण तिचे आकडे लोकांसमोर ठेवा

प्रति,
मा. औषध महानियंत्रक, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
आणि
औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

विषाणूविरोधी औषधांच्या जेनेरिक गोळ्यांना माणसांवरच्या जैवसमतुल्यता चाचणीतून, म्हणजे जेनेरिक गोळीतून मूळ गोळीइतकंच औषध रक्तात पोहोचतं का ते पाहणाऱ्या, आमच्या रोजच्या बोलण्यातल्या बीई स्टडीतून, सूट द्यावी का, या प्रश्नावर हे पत्र आहे. माझं मत आधीच सांगते. ज्या गोळ्यांच्या बाबतीत शास्त्र तशी मुभा देतं, त्यांना सूट जरूर द्या. मात्र ती कोणत्या आकड्यांच्या जोरावर दिली, ते आकडे छापा. आकडे छापायची तयारी नसेल तर सूटही देऊ नका.

मी फार्मसीची पदवीधर. नाशिकजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात बावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक डिझोल्यूशनच्या यंत्रासमोर. गोळी पाण्यात टाकायची, ठरलेल्या मिनिटांना नमुना काढायचा, किती औषध सुटलं ते मोजायचं. त्यानंतर महाविद्यालयात शिकवलं. आता निवृत्त आहे. कुठल्याही कंपनीशी माझा संबंध उरलेला नाही.

विषाणूविरोधी गोळ्यांबद्दलच का लिहिते, तर या गोळ्यांनी आपल्या देशाला नाव दिलं आणि जबाबदारीही दिली. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधांची मात्रा सेवाभावी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी दरात, देऊ केली. मूळ कंपन्यांची तीच मात्रा तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे जात होती. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू केली, आणि पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हापासून आफ्रिकेतल्या आणि आपल्या लाखो माणसांचा जीव भारतीय गोळीवर टिकून आहे. ही गोळी रोज घ्यायची, जन्मभर घ्यायची. आज एका कंपनीची मिळाली, पुढच्या निविदेनंतर दुसऱ्या कंपनीची मिळेल. रुग्णाला त्यात निवड नसते. बाटली बदलली तरी आतलं औषध रक्तात तेवढंच पोहोचेल, या भरवशावर तो ती गिळतो. रक्तातलं प्रमाण पुरेसं नसेल तर विषाणू वाढत राहतो आणि वाढता वाढता औषधाला दाद न देणारा होतो. एचआयव्हीवरच्या लॅमिव्ह्युडिन या औषधाच्या बाबतीत विषाणूला स्वतःत एकच बदल पुरतो. डोकेदुखीची गोळी कमी लागू पडली तर माणूस दुसरी घेतो. इथे गोळी कमी पडते आहे हे कळेपर्यंत औषधच हातचं गेलेलं असतं.

म्हणूनच अनेकांना वाटतं की या गोळ्यांना सूट नकोच, प्रत्येक जेनेरिक माणसांवर तपासूनच यावं. त्यांची काळजी मला समजते, कारण तीच माझीही आहे. तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. का, ते सांगण्यासाठी आधी ही चाचणी असते कशी ते सांगावं लागेल. हे पत्र आपल्यासोबत गोळी घेणारी माणसंही वाचतील अशी मला आशा आहे.

दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक गोळा करतात. रात्रभर उपाशी ठेवतात. सकाळी निम्म्यांना मूळ कंपनीची गोळी आणि निम्म्यांना जेनेरिक, पेलाभर पाण्याबरोबर. हातात सुई बसवलेली असते, तिच्यातून दिवसभरात पंधरा-वीस वेळा रक्त काढतात. मग काही दिवस मध्ये जाऊ देतात, आधीचं औषध शरीरातून पूर्ण निघून गेलं की गोळ्यांची अदलाबदल करून पुन्हा तेच. शेवटी दोन गोष्टींची तुलना होते : रक्तातलं औषध जास्तीत जास्त कुठवर चढलं, आणि एकूण किती औषध रक्तात आलं. दोन्ही गोळ्यांच्या सरासरीचं गुणोत्तर, त्याच्या ९० टक्के विश्वासमर्यादेसह, म्हणजे योगायोगाने पडणाऱ्या फरकाची सोय धरून, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसलं की जेनेरिक पास.

हे स्वयंसेवक कोण असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मी शिकवायला लागले त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारा एक मुलगा होता. बहिणीच्या लग्नासाठी पैसे हवे होते म्हणून तो दुसऱ्या शहरात जाऊन स्टडीला बसायचा. एकदा भांडी विसळताना त्याने मला सहज सांगितलं, "मॅडम, दोन स्टडीच्या मधे खूप दिवस थांबायला लावतात. मी भावाच्या नावावर बसतो." त्याच्या दोन्ही कोपरांच्या आत सुयांचे डाग होते. मी त्याला रागावले, मग समजावलं, आणि घरी आल्यावर मला रडू आलं. एक तर त्या पोराचं रक्त. त्यात कोणतं औषध कशाबरोबर मिसळत होतं ते देवाला ठाऊक. आणि दुसरं असं की कुठल्यातरी औषधाच्या फायलीत त्याच्या भावाच्या नावाने जे आकडे गेले असतील, त्यांवर पुढे कोणीतरी आजारी माणूस विसंबणार होता.

माणसांवरची चाचणी झाली म्हणजे गोळी सिद्ध झाली, असं मानणाऱ्यांनी आपला स्वतःचा इतिहास आठवावा. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय कंपन्यांची काही एचआयव्हीविरोधी औषधं आपल्या पूर्वमान्यता यादीतून काढून टाकली होती. गोळ्या वाईट निघाल्या म्हणून नव्हे. ज्या कंत्राटी प्रयोगशाळेत बीई स्टडी झाली होती तिथल्या नोंदी तपासणीत टिकल्या नाहीत म्हणून. फेरचाचण्यांनंतर त्यातली काही यादीत परत आली. २०१५ च्या जानेवारीत हैदराबादच्या एका संस्थेतल्या स्टडींमध्ये हृदयाच्या आलेखांची हेराफेरी सापडली, आणि युरोपच्या औषध यंत्रणेने सुमारे ७०० औषधांना स्थगिती देण्याची शिफारस केली. २०२३ च्या डिसेंबरात पुण्यातल्या एका संस्थेच्या स्टडींवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून तशीच शिफारस ४०० हून अधिक जेनेरिक औषधांबाबत झाली. पुण्याचं नाव त्या बातमीत वाचताना मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. त्या शहरात माझे कितीतरी विद्यार्थी प्रामाणिकपणे काम करतात.

माणसांवरची चाचणी मला निरुपयोगी वाटते, असं कृपया समजू नये. हेपॅटायटिस सीवरच्या वेल्पाटॅसविरसारख्या औषधाला तिच्याशिवाय गत्यंतर नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण या चाचणीची एक मर्यादा कधी मोठ्याने बोलली जात नाही : झालेली चाचणी बाहेरच्या कोणाला जशीच्या तशी पुन्हा करून पाहता येत नाही. रक्त एकदा काढलं, नमुने कधीतरी नष्ट झाले, स्वयंसेवक आपापल्या गावी गेले. शंका आली तर फाइल चाळायची, एवढंच हातात. पाण्यातली चाचणी मात्र कोणीही, कधीही, बाजारातून गोळी विकत आणून पुन्हा करू शकतं. सूट देण्याच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे. पैसे वाचतात आणि औषध लवकर बाजारात येतं हे फायदे आहेतच, पण ते कंपन्या सांगतीलच.

आता शास्त्र. गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये औषधांचे चार वर्ग पाडले. पाण्यात सहज विरघळतं का, आणि आतड्याच्या भिंतीतून सहज आत जातं का, या दोनच प्रश्नांवर. दोन्हीचं उत्तर हो, तो वर्ग १. विरघळत नाही पण आत जातं, तो २. विरघळतं पण आत जायला कुरकुरतं, तो ३. दोन्ही नाही, तो ४. गोळी पोटात पडताच पूर्ण विरघळून गेली तर आतड्यापुढे उरतं ते फक्त औषधाचं द्रावण, मग गोळी कोणी बनवली याला महत्त्व राहत नाही. अमेरिकेने २००० साली वर्ग १ ला या आधारे सूट दिली, जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वर्ग ३ लाही दार उघडलं, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात आयसीएचच्या, म्हणजे देशोदेशींचे औषध-नियम एकसारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, एम-९ मार्गदर्शिकेने दोन्हींसाठी जगभर एकसारख्या अटी घातल्या. आपली संघटना आयसीएचमध्ये निरीक्षक आहे, त्यामुळे हा मजकूर आपल्यासमोर आहेच.

त्या अटींमधली पहिली मला फार आवडते, कारण ती घरातल्या पेल्याने मोजता येते. औषधाची एका वेळी घ्यायची सगळ्यात मोठी मात्रा २५० मिलिलिटर पाण्यात विरघळली पाहिजे, जठरातल्या तीव्र आम्लापासून लहान आतड्यापर्यंत, म्हणजे पीएच १.२ ते ६.८ च्या सबंध पट्ट्यात, अंगाच्या तापमानाला. २५० मिलिलिटर का? स्टडीत स्वयंसेवकाला गोळीबरोबर देतात तो पेलाभर पाण्याचा हिशेब.

हा पेला घेऊन आपल्या ओळखीच्या गोळ्यांकडे जाऊ. लॅमिव्ह्युडिनची मात्रा ३०० मिलिग्रॅम. एक मिलिलिटर पाण्यात ते सुमारे ७० मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे पेला कशाला, चमचाभर पाणी पुरे. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेटही ३०० मिलिग्रॅम, त्याला साध्या पाण्याचे चार-पाच चमचे लागतात. हेपॅटायटिस सीच्या सोफोसबुविरची मात्रा ४०० मिलिग्रॅम आणि विद्राव्यता मिलिलिटरला किमान २ मिलिग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटर, पेल्यात बसलं, पण काठाजवळ. त्याच आजारासाठी सोफोसबुविरबरोबर एकाच गोळीत दिलं जाणारं वेल्पाटॅसविर पाहा. तीव्र आम्लात ते मजेत विरघळतं, पण पीएच ५ च्या वर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमही विरघळत नाही. १०० मिलिग्रॅमच्या मात्रेला एक लिटरहून जास्त पाणी लागेल. ज्याने पित्ताची गोळी घेतली आहे त्याच्या पोटात या औषधाचं काय होतं, ते भांड्यातल्या चाचणीवरून सांगता येणार नाही. इथे माणसावरची चाचणी हवीच.

आणि आता असायक्लोविर, जे नागिणीवर घराघरात येऊन गेलेलं आहे. पाण्यात ते अंगाच्या तापमानाला मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम विरघळतं. २५० ला २.५ ने गुणलं की ६२५. म्हणजे २०० आणि ४०० ची मात्रा पेल्यात बसते, ८०० ची बसत नाही. आणि नागिणीला डॉक्टर नेमकी ८०० ची मात्रा लिहून देतात, दिवसातून पाच वेळा. एकाच औषधाची एक मात्रा अलीकडे आणि दुसरी पलीकडे! आयसीएचचा नियम सगळ्यात मोठी मात्रा धरतो. ती बसत नसेल तर लहान ताकदीच्या गोळीलाही सूट मिळण्यासाठी, मात्रा वाढवली की रक्तातलं प्रमाण त्याच पटीत वाढतं, असं दाखवावं लागतं. असायक्लोविरचं तसं वाढत नाही. मात्रा वाढली की शोषण मागे पडतं. वर्गात मी हे उदाहरण दरवर्षी फळ्यावर सोडवायला देत असे. मुलं आधी ४०० घेऊन 'सूट आहे' म्हणायची, मग कोणीतरी मागच्या बाकावरून विचारायचं, "मॅडम, पण नागिणीला किती देतात?"

हाच प्रश्न आपल्या कार्यालयानेही प्रत्येक अर्जाला विचारावा, आणि त्याचं उत्तर लोकांना वाचायला मिळावं. एखादं औषध 'वर्ग ३' आहे एवढं म्हणणं पुरेसं नाही. कोणत्या मात्रेला, कोणत्या पीएचवर मोजून ठरवलं, ते लिहिलेलं हवं.

संयुक्त गोळ्यांचं तर जास्तच. आज आपल्या एआरटी केंद्रांवर सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांची आहे. पहिली दोन पेल्याच्या परीक्षेत सहज पास होतात. डोल्युटेग्राविर पाण्यात नीट विरघळत नाही, ते वर्ग २ मध्ये गणलं जातं. एकत्र गोळीतलं प्रत्येक औषध पात्र असेल तरच त्या गोळीला सूट, असा नियम आहे, त्यामुळे या तिघांच्या गोळीला सूट नाही आणि असू नये. दोन सोप्या औषधांच्या आडोशाने तिसरं अवघड औषध आत शिरू देऊ नका.

वर्ग ३ बद्दल थोडं अधिक थांबून लिहिते. विषाणूविरोधी औषधं इथे बरीच आहेत, आणि माझी खरी काळजी इथे आहे. या वर्गातलं औषध विरघळतं झटकन, पण आतड्यातून आत जायला वेळ घेतं. मग आतड्यातला वेळ कमी-जास्त करणारी कोणतीही गोष्ट त्याला आडवी येते. सॉर्बिटॉल घ्या, सरबतासारख्या औषधांना गोडी आणणारं. सोळा निरोगी माणसांना लॅमिव्ह्युडिनचं ३०० मिलिग्रॅमचं द्रावण सॉर्बिटॉलबरोबर देऊन पाहिलं गेलं. ३.२ ग्रॅम सॉर्बिटॉलने रक्तातली कमाल पातळी २८ टक्क्यांनी घटली, १०.२ ग्रॅमने ५२, १३.४ ग्रॅमने ५५ टक्क्यांनी. एकूण चोवीस तासांत रक्तात आलेलं औषध अनुक्रमे २०, ३९ आणि ४४ टक्क्यांनी कमी झालं. औषध आधीच विरघळलेलं होतं हे लक्षात घ्या. डिझोल्यूशनच्या भांड्यात ते पूर्ण शंभर टक्के दिसलं असतं. माझं यंत्र इथे आंधळं आहे, हे मी बावीस वर्षं त्याच्यासमोर काढून सांगते.

गोळीत सॉर्बिटॉल इतकं नसतं, ग्रॅममध्ये तर नाहीच, हे खरं. पण मुलांसाठीच्या पाण्यात टाकून द्यायच्या गोळ्यांत मॅनिटॉलसारखी गोडी असते, आणि तिचाही स्वभाव आतड्यात पाणी ओढून घ्यायचाच. म्हणून आयसीएचने वर्ग ३ साठी अट कडक ठेवली आहे : जेनेरिक गोळीत औषधाशिवाय जे काही घातलं आहे, म्हणजे भरण, बांधणारं द्रव्य, गोडी, ते सगळं मूळ गोळीतलंच हवं आणि प्रमाणही जवळजवळ तेवढंच. शिवाय दोन्ही गोळ्यांतून १५ मिनिटांत ८५ टक्के औषध सुटलं पाहिजे, आणि तेही तीन वेगवेगळ्या पीएचच्या द्रावणांत, प्रत्येकी किमान बारा गोळ्यांवर. वर्ग १ ला ३० मिनिटांची मुभा आहे, वर्ग ३ ला नाही.

इथून आपल्या घरातली गोष्ट सुरू होते. ३ एप्रिल २०१७ च्या अधिसूचनेने आपल्याकडे वर्ग २ आणि ४ च्या तोंडाने घ्यायच्या औषधांना परवान्याआधी बीई पुरावा सक्तीचा झाला. त्याआधी औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की ते 'नवीन औषध' राहत नसे, आणि राज्याचा परवाना बीईशिवायही मिळू शके. २०१७ चं पाऊल मोठं होतं. मी तेव्हा शिकवत होते, अधिसूचनेची प्रत वर्गात वाचून दाखवली होती. पण त्या नियमाच्या दुसऱ्या बाजूबद्दल कोणी फार बोललं नाही. वर्ग १ आणि ३ चं काय? चार वर्षं उलटलेल्या औषधाच्या बाबतीत हा नियम त्यांच्याकडून बीई मागत नाही, आणि बीईच्या जागी दुसरं काय द्यायचं तेही सांगत नाही. बाहेरच्या जगात सूट मिळवायला तीन द्रावणं, बारा गोळ्या, पंधरा मिनिटं, मिश्रणाची जुळणी, एवढी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे वर्ग ३ चं औषध बनवणाऱ्याला तो नियम ती परीक्षा द्यायला लावत नाही. त्याच वर्गात, ज्यात टेनोफोविर आहे आणि सहसा लॅमिव्ह्युडिनही धरलं जातं.

परदेशी जाणाऱ्या आणि मोठ्या निविदांतल्या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेची किंवा अमेरिकेची मान्यता घेऊन येतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलते आहे ती गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या, राज्याच्या परवान्यावर बनलेल्या गोळीबद्दल.

कोणी म्हणेल, भारतीय औषधकोशाची, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकांच्या पुस्तकातली, डिझोल्यूशन चाचणी असतेच की. असते. बहुतेक वेळा एक द्रावण, एक वेळ, सुरुवातीला सहा गोळ्या. तिचं काम घाणा, म्हणजे एका वेळी बनलेल्या गोळ्यांची बॅच, नेहमीसारखा निघाला का ते पाहण्याचं आहे, दोन कंपन्यांच्या गोळ्या सारख्या आहेत का ते नव्हे. कारखान्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. गोळ्या यंत्राला चिकटू नयेत म्हणून शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट घालून थोडाच वेळ मिसळायचं असतं. एका पाळीत मिश्रणयंत्र ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ फिरत राहिलं. स्टिअरेट मेणासारखं दाण्यादाण्यावर बसलं आणि पाणी आत शिरेना. मी सवयीने मधल्या मिनिटांचेही नमुने काढले होते. पंधराव्या मिनिटाचा आकडा नेहमीपेक्षा खूप खाली होता. पण कोशात लिहिलेल्या वेळेपर्यंत गोळी विरघळली, घाणा पास झाला आणि विक्रीला गेला. नियम मोडला नव्हता. मी वरिष्ठांना मधले आकडे दाखवले, त्यांनी कोशाचं पान दाखवलं. ती गोळी पोटात नेहमीसारखी वागली का, हे मला आजही ठाऊक नाही. तेव्हा मी नोकरीत नवी होते. मी आणखी जोर लावायला हवा होता असं मला अजून वाटतं.

म्हणून माझं मागणं असं आहे. वर्ग १ आणि ३ च्या विषाणूविरोधी गोळ्यांना माणसांवरच्या चाचणीतून सूट ही अर्ज करून, पुरावा देऊन मिळणारी गोष्ट करा, नव्या आणि जुन्या दोन्ही औषधांसाठी, केंद्राकडे असो की राज्याकडे. पुरावा आयसीएचच्या अटींइतकाच मागा, कमी नको, जास्तही नको. ज्या कारखान्याकडे डिझोल्यूशनचं यंत्र आणि जाणती माणसं आहेत, त्याला हे काही आठवड्यांचं काम आहे. लाखो रुपयांच्या बीई स्टडीपुढे हा खर्च लहान कारखानदारालाही जड नाही. तारापूर, वाळूज, सातपूरच्या माझ्या ओळखीच्या उद्योजकांनी हे वाचून माझ्यावर रागावू नये. चांगली गोळी बनवणाऱ्याला यातून फायदाच आहे, कारण आज त्याची गोळी आणि निष्काळजी शेजाऱ्याची गोळी कागदावर सारखीच दिसते.

सूट दिली की तिचा आदेश संकेतस्थळावर टाका. त्यात औषधाचा वर्ग कोणत्या मात्रेवर ठरला, मूळ गोळी कोणती घेतली आणि ती कोणत्या घाण्याची, तीन द्रावणांतले मिनिटामिनिटाचे आकडे, आणि मिश्रणातल्या घटकांची नावं असू द्या. घटकांचं नेमकं प्रमाण हे कंपनीचं गुपित आहे, असं सांगितलं जाईल. ते मला मान्य आहे. प्रमाण आपल्या फायलीत राहू द्या आणि 'जुळतं' असं तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने छापा. विरघळण्याच्या आकड्यांत मात्र गुपित काही नाही. गोळी दुकानात मिळते, यंत्र अनेक महाविद्यालयांत आहे, कोणीही मोजू शकतं. जे कोणीही मोजू शकतं ते लपवण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

आकडे समोर असले की आपल्या हातात एक नवीन साधन येईल. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा दुकानातून नमुना उचलून छापील आकड्यांशी ताडून पाहू शकतील. आज त्यांच्याकडे ताडून पाहायला कोशातली एक ओळ आहे. घटक बदलला, पुरवठादार बदलला, कारखाना दुसऱ्या गावी हलला, तर सूट आपोआप संपावी आणि आकडे पुन्हा द्यावे लागावेत.

वर्ग २ आणि ४ च्या औषधांबाबत ढिलाई नको, साथ असली तरी. २०२० च्या जूनमध्ये कोविडसाठी फॅविपिराविरला तातडीची परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या दिवशी रुग्ण २०० मिलिग्रॅमच्या अठरा गोळ्या गिळत होते. त्या दिवसांची भीती मी विसरलेले नाही. घरातली दोन माणसं तेव्हा आजारी होती, आणि कोणी काहीही गोळी दिली असती तरी मी घेतली असती. तशी वेळ पुन्हा येईल तेव्हा आपल्यावर सगळ्या बाजूंनी दबाव येईल की बीई नंतर बघू. ज्या गोळ्या पेल्याची परीक्षा पास होतात त्यांना तेव्हा काही आठवड्यांत सूट देता यावी, म्हणजे आपली माणसं आणि वेळ अवघड औषधांच्या चाचणीसाठी मोकळी राहतील. त्यासाठी कोणतं औषध कुठे बसतं हे आजच, शांततेत, ठरवून ठेवलेलं बरं.

उरते ती ज्यांच्या हातातून रक्त काढायचं त्या मुलांची गोष्ट. जिथे भांड्यातली चाचणी पुरते तिथे त्यांना बोलावूच नये, हे मी वर सांगितलंच. जिथे त्यांच्यावाचून चालत नाही तिथे एकच माणूस दोन नावांनी बसू शकणार नाही अशी देशभराची एकत्र नोंद हवी, संस्था कोणतीही असो. पहिलं कारण त्यांचा जीव. दुसरं कारण, ज्या आकड्यांवर एचआयव्हीचा रुग्ण जगतो ते आकडे खरे असावेत.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि झालेली चर्चा इतिवृत्तात सविस्तर यावी, ही विनंती. सुरुवात लॅमिव्ह्युडिनच्या साध्या गोळीपासून करता येईल. तिचं शोषण ८६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्ग १ आणि ३ च्या उंबरठ्यावर, आणि विरघळणं चमचाभर पाण्यात. यापेक्षा सोपं पहिलं उदाहरण मिळणार नाही. मी शिकवत होते त्या महाविद्यालयात सहा भांड्यांचं यंत्र आहे. एका कंपनीच्या बारा गोळ्यांसाठी एका द्रावणात दोन वेळा चालवावं लागतं, तीन द्रावणांसाठी सहा वेळा. दोन विद्यार्थी हाताशी असले की सकाळी आठला सुरू करून संध्याकाळी आकडे हातात येतात. आपण सांगाल त्या दुकानातून, आपण सांगाल त्या कंपनीच्या गोळ्या आणून मी हे स्वखर्चाने करून पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
नाशिक